बुरुजाच्या ठशाचा पाव

कार्मोझिना भट्टीवाली पहाटे गल्लीतून हाक देत निघाली की आमच्या घरातलं मांजरसुद्धा उठून बसायचं. तिचा आवाज खरखरीत होता, जन्मभर धूर गिळलेला. प्रत्येक दारासमोर ती वेगळं बोलायची. आमच्या दाराशी थांबून म्हणायची, "पोर्झिया, मळायला घे गं. देवाचं नाव घेत लोळू नकोस, देव केव्हाच उठलाय."

पोर्झिया म्हणजे माझी आई. ती आतून ओरडायची, "देवाला काय होतंय उठायला, त्याला कुठं कणीक मळायचीय."

रोज हेच, आणि रोज दोघी हसायच्या.

रोक्कामारा गावाच्या वरच्या आळीला एकच भट्टी होती, अजूनही एकच आहे. कणीक घरी मळायची, फळीवर घालून डोक्यावरून भट्टीशी आणायची आणि पाव आत जायच्या आधी त्यावर आपल्या घराचा लाकडी ठसा दाबायचा. कुणाचा कोंबडा, कुणाची किल्ली, कुणाची नुसती फुली. ठसा नसेल तर फुगलेल्या पावांच्या ढिगात आपला कोणता हे कळायचं कसं, आणि उपाशी शेजारणीच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा तरी किती? कार्मोझिना म्हणायची, "खोल दाबा बायांनो. भाजल्यावर सगळे सारखेच काळे पडतात, माणसांसारखे."

तिचा स्वतःचा असा ठसा नव्हता. मजुरी म्हणून ती प्रत्येक फळीवरून कणकेचा एक चिमटा खुडून घ्यायची. मालकांच्या घरची निव्वळ गव्हाची, पांढरी. आमची गहू-सातूची. खालच्या टोकाच्या विधवांची वालाच्या पिठाची, करडी. हे सगळे चिमटे ती एकत्र दाबायची आणि तिचा पाव तयार व्हायचा. कापला की आत पट्टेच पट्टे, मांजराच्या पाठीसारखे. अख्ख्या आळीचं पीठ त्या एका पावात असायचं. भट्टीतून बिनठशाचा पाव एकच बाहेर यायचा आणि तो कुणाचा हे पाळण्यातलं पोरही सांगायचं.

तिला ताठा होता तो एकाच गोष्टीचा. एका घरचा पाव दुसऱ्या घरी जाऊ द्यायचा नाही. गर्दीत चुकून गेलाच, तर तो परत आणल्याशिवाय ती पाण्याला तोंड लावायची नाही. एकदा सान रोक्कोच्या मिरवणुकीत शिरून तिने एका बाईच्या डोक्यावरची टोपली उतरवली होती. संताची पालखी थांबली, पाद्रीबाबा थांबले, बँड थांबला. ही शांतपणे पाव बदलत म्हणाली, "संताला उशीर चालतो. गरम पावाला नाही चालत."

अशी ही बाई. नवरा खाणीत दगडाखाली गेलेला, पदरात एकच मुलगा, कानियो. मेंढरं राखायचा आणि राखता राखता लाकूड कोरायचा. आळीतले अर्धेअधिक ठसे त्याच्याच हातचे. प्रोस्पेरो मालकांच्या घरचा बुरुजाचा ठसासुद्धा त्यानेच कोरलेला. बुरुजाला इवल्या इवल्या खिडक्या होत्या. माझी आई मालकांकडे स्वयंपाकाला होती, तो ठसा तिच्या एप्रनच्या खिशात असायचा. ती म्हणायची, "मालकांचा अख्खा बुरूज मी कमरेला बांधून फिरते आणि पाठ मात्र माझीच दुखते."

आता माझी नातवंडं शाळेतून येतात आणि सांगतात, आजी, आज इटली एक कशी झाली ते शिकवलं. मी म्हणते, सांग बरं. मग ती बोटाने हवेत नकाशा काढतात. इथून लाल सदरेवाले आले, इथून राजा आला, मधले छोटे राजे पळाले, झाला देश. मी ऐकून घेते. सुरेख सांगतात. आमची भट्टी त्या नकाशात येत नाही, एवढंच.

लाल सदरेवाले आमच्या गावात फार थांबलेच नाहीत. पाणी प्याले, गायले, पुढे गेले. त्यांच्या मागोमाग मत द्यायचा दिवस आला. नगरसभेच्या पायऱ्यांवर दोन टोपल्या ठेवल्या, एकीत 'हो'च्या चिठ्ठ्या, एकीत 'नाही'च्या, दोन्ही उघड्या. 'नाही'ची टोपली प्रोस्पेरो मालकांच्या काठीजवळ. काठी धरून मालक उभे, कमरेला नव्या राज्याचा तिरंगी पट्टा. तिकडे हात लांबवणारा माणूस मी काही पाहिला नाही. कानियोने 'हो' टाकलं, पण त्याने ते काठीला भिऊन नाही, मनापासून टाकलं. तो जुन्या राजाच्या पलटणीत होता. ती पलटण मोडली तेव्हा फाटक्या बुटांनी चालत घरी आला होता. नवं राज्य गावाचं कुरण गरिबांना वाटून देणार, असं मालकांनीच चौकात सांगितलं होतं.

कार्मोझिना त्या दिवशी भट्टीच्या दारात हात पुसत म्हणाली, "कुरण वाटणार कोण?"

"मालक," कानियो म्हणाला.

"आणि आत्ता ते कुणाच्या ताब्यात आहे?"

"मालकांच्याच."

"मग झालं तर. लांब जायला नको त्यांना."

कुरणाला पुढच्या वसंतात कुंपण पडलं. मालकांचंच. आणि उन्हाळ्यात दवंडी आली. जुन्या राजाचे जे जे शिपाई होते त्यांनी नव्या राजाच्या सैन्यात हजर व्हावं, उत्तरेला, कित्येक वर्षांसाठी. न येईल तो गुन्हेगार. ढोल वाजवणारा आमच्याच गल्लीतला, त्याचाही भाचा त्या हुकमात बसत होता. तो ढोल इतका हळू वाजवत होता की जणू कुणी झोपलेलं उठेल.

कानियो त्याच रात्री रानात गेला. सकाळी त्याचा बिछाना थंड होता. सरकार अशा पळालेल्यांना दरोडेखोर म्हणायचं. आम्ही 'रानातली पोरं' म्हणायचो. त्यांच्यात खरे दरोडेखोरही होते, मी खोटं कशाला बोलू. आणि आमची पोरंही होती, आणि थोड्या दिवसांनी दोघांतला फरक अंगावरच्या कपड्यांवरून सांगता येईनासा झाला.

मग फौज आली आणि मठात उतरली. पहिल्या आठवड्यात त्यांनी घंटेचा दोर काढून नेला, कुणी रानाला इशारा देऊ नये म्हणून. नंतर गावाबाहेरच्या वाड्यांवरची कुत्री मारली, कारण ती गस्तीवर भुंकायची. कुत्री नसली की गाव किती गप्प होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. वेशीच्या कमानीखाली रानात मारलेल्या कुणाला ना कुणाला आणून बसवायचे, भिंतीला टेकवून, आणि येणारा-जाणारा तोंड बघून जायचा. बायका पाण्याला जाताना आधी पायांकडे बघायच्या. बूट ओळखीचे नसले तरच वर बघायच्या.

फौजेचा कप्तान उत्तरेचा. लाल गालांचा, मक्याच्या घाट्यावर वाढलेला. तोही म्हणे आपलीच भाषा बोलायचा, पण त्याचं आम्हाला कळायचं नाही आणि आमचं त्याला. मध्ये पाद्रीबाबा उभे राहायचे. देश एक झाला होता आणि घरातल्या घरात दुभाषा लागत होता. कप्तान वाईट माणूस नव्हता. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, पैसे देऊन अंडी घ्यायचा. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. वाईट माणूस कधीतरी दमतो. हा नियमाने वागायचा.

अठराशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात नवा कायदा आला. रानात अन्न पोचवेल त्याला तुरुंग, हद्दपारी, आणि प्रसंगी गोळी. शेतावर जाणाऱ्याने आपल्या एका जेवणापुरता पाव न्यायचा, तोही वेशीवर दाखवून. माझ्या चुलत्याने अर्धा पाव जास्त नेला म्हणून त्याला वेशीवर उभं करून तो सगळा तिथंच खायला लावला होता. घशाखाली उतरेना तरी. शिपाई हसत होते. चुलता त्यानंतर घरीसुद्धा पाव हातात आला की आधी दाराकडे बघायचा.

कार्मोझिनाला मात्र वेशीबाहेर जायची परवानगी होती. भट्टीला काटक्या लागतात, आणि फौजेचेही पाव आता तिच्याच भट्टीत भाजले जायचे. ती गाढव घेऊन टेकडीमागे जायची आणि काटक्यांचा भारा लादून यायची. जाताना गाढवाच्या खोगिराखाली काय असायचं, ते कुणी विचारलं नाही.

एका सकाळी पावसाळ्यासारखं दाटलेलं, पण पाऊस नसलेलं आभाळ होतं. धूर वर जायच्या ऐवजी गल्लीत उतरत होता. भट्टी भरलेली, फळ्या रिकाम्या, बायका दारात गप्पा मारत उभ्या. तेवढ्यात शिपाई आले, चौक अडवला आणि सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. मागून कप्तान, पाद्रीबाबा आणि कमरेला पट्टा बांधलेले प्रोस्पेरो मालक. कप्तानाने रुमालातून अर्धा पाव काढला आणि भट्टीसमोरच्या दगडावर ठेवला. वाळलेला, एका बाजूला राख लागलेली. वरच्या कवचावर ठसा स्पष्ट होता. बुरूज. इवल्या खिडक्यांचा.

पाद्रीबाबांनी घसा साफ केला. "रानात एक तळ सापडलाय. राख गरम होती. कप्तानसाहेब विचारतात, हा ठसा कुणाच्या घरचा?"

कुणाला बोलायची गरजच नव्हती. मालकांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी पाव उचलला, मोडला आणि आत बघितलं. मग त्यांचा रंग परत आला.

"हे माझ्या घरचं पीठ नाही," ते म्हणाले. "माझ्या घरी पांढरा पाव खातात. ठसा माझा, पीठ भलत्याचंच. माझा ठसा कुणाच्या खिशात असतो ते विचारा."

मोडलेला पाव त्यांनी सगळ्यांना दिसेल असा धरला होता. आत पट्टेच पट्टे. पांढरे, तपकिरी, करडे. अख्ख्या चौकाने ते पाहिलं आणि अख्ख्या चौकाला कळलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं. कुणी बुटांकडे, कुणी गटाराकडे. कार्मोझिना लांब दांड्याचं फावडं धरून भट्टीच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही. इतक्या माणसांनी मिळून एका दिशेला न बघणं म्हणजे बोट दाखवणंच असतं. पण कप्तान दुसऱ्या मुलखाचा, त्याला ते वाचता आलं नाही.

माझ्या आईने एप्रनच्या खिशातून ठसा काढून दगडावर ठेवला. पट्टे तिनेही पाहिले होते. ती एवढंच म्हणाली, "आत माझे पाव आहेत. जळतील."

पाद्रीबाबांनी ते भाषांतर केलं नाही. शिपायांनी तिला नेलं.

त्या दिवशी वरच्या आळीचे सगळे पाव जळले. कार्मोझिना फावडं धरून तशीच उभी होती, आणि बायकाही भिंतीशी तशाच. काळा धूर बाहेर यायला लागला तेव्हा कुठे कुणीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी दवंडी झाली. मालकांची स्वयंपाकीण पोर्झिया हिला शनिवारी गाडीतून बंदरावर आणि तिथून हद्दपारांच्या बेटावर पाठवण्यात येईल. मी मठात गेले, वाटीत कांद्याचं सार घेऊन. जुन्या भिक्षूंच्या कोठडीला गज लावले होते. पहाऱ्यावरच्या शिपायाने सारात बोट फिरवून पाहिलं आणि जाऊ दिलं.

"आई, सगळ्यांना माहितीये," मी म्हटलं.

"मग सगळे गप्प आहेत ना? तू काय वेगळी लागून गेलीस?"

"तुला बेटावर नेतील."

"समुद्र बघितला नव्हता मी कधी." तिने सार पिऊन वाटी पुसून परत दिली. "अगं दोनाते, बोललं तर तिचं पोर मरतं. न बोललं तर मी फक्त जाते. यात विचार कसला करायचा? कोंबड्या आत घेत जा वेळेवर."

मग कोरडी वाटी पुन्हा मागून घेतली आणि पुन्हा पुसली. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

मठातून मी सरळ भट्टीवर गेले. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. कार्मोझिना परातीत हात घालून बसली होती.

"बस," ती म्हणाली. "उभं राहून बघत राहिलं की कणीक फुगत नाही."

"मी काही बोलायला आले नाही, मावशी."

"तेच तर. आख्खी आळी काही बोलायला येत नाहीये. काल विहिरीवर बायकांनी मला आधी पाणी भरू दिलं. इतका मान मला माझ्या लग्नात नव्हता मिळाला."

मी बसले. ती मळत राहिली.

"बिनठशाचा पाठवला असता तर वेशीवरचं पोरही म्हणालं असतं, भट्टीवालीचा. गरिबाचा ठसा मारला असता आणि सापडला असता, तर गरीब मेला असता. मग म्हटलं, ज्याच्या टेबलावर कप्तान जेवतो त्याचा मारावा. त्याला कोण हात लावणार? कानियोने रानात बसून दुसरा बुरूज कोरून दिला, हुबेहूब." तिने कणीक उलटी आपटली. "आणि बरोबरच होतं की माझं. मालकाला कुणी हात लावला नाही."

तिने परातीच्या कडेची कणीक खरवडून गोळ्यात घातली.

"मोठ्या घरात हात मात्र आपलेच असतात," ती म्हणाली. "हे काही सुचलं नाही मला."

मी विचारलं, "आता?"

"आता मी काटक्यांना जाते."

ती गेली. पहिल्यांदाच मी वेशीपाशी थांबून तिच्या परतण्याची वाट बघितली. ऊन उतरल्यावर आली, गाढवावर भारा घेऊन. कमानीखाली त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं, तरी तिने आधी खाली बघितलं, सवयीने.

"सांगितलं त्याला," चालता चालता ती म्हणाली. "लांब जा. पोपच्या मुलखाकडे जा, कुठंही जा. आणि इकडचं काहीही कानावर आलं तरी वळू नकोस."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, मागच्या वेळचा पाव खारट झाला होता."

शनिवारी पहाटे नेहमीची हाक आली. प्रत्येक दाराशी थांबत, प्रत्येकाला काही ना काही बोलत. जळलेल्या पावांनंतर पहिलीच भट्टी होती ती. आमच्या दारात ती थांबली तेव्हा मी श्वास धरून बसले होते.

"दोनाते, मळायला घे. जास्तीचं घे. तुझी आई आज जेवायला घरी आहे."

तिने भट्टी भरली, रिकामी केली, ज्याचा पाव त्याच्या फळीवर ठेवला. खालच्या टोकाची एक विधवा आजारी होती, तिचा स्वतः नेऊन दिला. मग आपला पट्ट्यापट्ट्यांचा गरम पाव फडक्यात बांधला, डोक्याचा रुमाल नीट केला आणि मठाकडे चालायला लागली. मी मागे. दारं उघडी होती आणि दारांत कुणी नव्हतं.

मठाच्या ओवरीत कप्तान बसला होता. प्रोस्पेरो मालकही होते. अंगणात गाडीला खेचरं जुंपलेली. कार्मोझिनाने फडकं सोडलं, पाव मोडला आणि अर्धा टेबलावर ठेवला. मग छातीशी खोवलेला ठसा काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"हा माझा," ती पावाकडे बोट करून म्हणाली. "आणि हा माझ्या मुलाच्या हातचा. रानात सापडलेला तुकडा आणा आणि शेजारी ठेवून बघा."

पाद्रीबाबांनी सांगितलं. कप्तानाने वाळका तुकडा मागवला, दोन्हींकडे बघितलं, ठसा बोटांत फिरवला. मालक म्हणाले, "सावधगिरी म्हणून दोघींनाही पाठवलेलं बरं." कप्तानाने मान हलवली, नाही म्हणून. त्याच्या हिशेबात गुन्हा एक तर बाई एकच हवी होती.

"ती विचारतायत... म्हणजे हे विचारतायत," पाद्रीबाबांची जीभ अडखळत होती. "तुझ्यावर कुणाचा संशय नव्हता. मग का आलीस?"

"एका घरचा पाव दुसऱ्या घरी गेला," कार्मोझिना म्हणाली. "परत न्यायला आले."

पाद्रीबाबांनी त्याचं काय केलं कोण जाणे, बराच वेळ बोलत होते, मधूनच येशूचं नावही आलं. कप्तान ऐकत राहिला. मग त्याने टेबलावरच्या गरम पावाचा तुकडा तोडून तोंडात घातला, सावकाश चावला आणि एक शब्द म्हणाला. त्याचा तो पहिलाच शब्द असेल जो मला पाद्रीबाबांशिवाय कळला. खारट.

आईला बाहेर आणलं तेव्हा कार्मोझिना गाडीत चढत होती. आईला क्षणभर काही उमगलं नाही. मग ती गाडीच्या चाकाला धरून म्हणाली, "अगं, मी गप्प राहिले होते ना."

"म्हणून तर," कार्मोझिना म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "दोनाते, भट्टीचं दार डावीकडून गळतं. चिखल लावत जा. नाहीतर त्या बाजूचे पाव कच्चे राहतील आणि शिव्या मला पडतील."

गाडी कमानीखालून गेली. कुत्री नव्हती, त्यामुळे चाकांचा आवाज खूप वेळ येत राहिला.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. पण नियमाने वागणाऱ्या माणसाचं काम अर्धं राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात दवंडी आली. रानातला कानियो हजर झाला तर त्याच्या आईला बेटावरून सोडण्याचा विचार होईल. ढोलवाला आमच्या दारावरून गेला तेव्हा त्याने ढोल काखेत धरला होता, नुसता तोंडाने बोलत गेला.

आम्ही मनात म्हणत होतो, तो लांब असेल. पोपच्या मुलखात असेल. आईने तर दिवाच लावला होता की त्याच्या कानावर जाऊ नये.

तो बाजाराच्या दिवशी भर दुपारी आला. वेशीतून चालत, हात रिकामे, तोंड धुतलेलं. केस ओल्या हाताने मागे फिरवलेले. कुणीतरी लग्नाला निघावं तसा. दुकानदारांनी माल झाकायला घेतला. तो सगळ्यांना नावाने हाक मारत गेला, अगदी ढोलवाल्यालाही. माझ्या आईसमोर थांबला आणि म्हणाला, "पोर्झियाकाकू, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."  आईने त्याचा गाल तेवढा हाताने पुसला. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

देवळाच्या भिंतीशी गोळ्या पाद्रीबाबांनी झाडू दिल्या नाहीत. म्हणून भट्टीच्या बाहेरच्या भिंतीशी झालं. सोमवारी, भट्टी पेटलेली असताना. आम्हाला बघायला उभं केलं होतं. भिंत आतून तापलेली असते. त्याला पाठीला ऊब लागत असेल, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

'विचार' झाला की नाही ते आम्हाला कळलं नाही. कार्मोझिना काही सुटली नाही. पिठावर कर आला, कप्तान बदलला, फौज गेली, प्रोस्पेरो मालकांचा मुलगा मोठ्या राजधानीत जाऊन सभेत बसायला लागला. माझं लग्न झालं, पोरं झाली. भट्टी मी चालवायला लागले, हाकही मीच द्यायचे. पण मला तिच्यासारखं प्रत्येक दाराला वेगळं काही सुचायचं नाही.

मग कधीतरी माफी झाली आणि ती परत आली. मी ओळखलं नाही. पांढरे केस, वाकलेली, समुद्राच्या उन्हाने काळी पडलेली. हातातली गाठोडी तेवढी तशीच घट्ट बांधलेली. ती येतेय ही बातमी आधी आली होती आणि आळीने सगळं ठरवून ठेवलं होतं. कानियो अमेरिकेला गेला म्हणायचं. कामात असतो म्हणायचं. बायकांनी आपसात घोकलं होतं, कुठल्या बंदरातून गेला तेसुद्धा. माझी आई खाटेवर होती तेव्हा, तिनेही पाठ करून घेतलं होतं.

कार्मोझिनाने विचारलंच नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. माझ्या आईच्या खाटेशी बसली, म्हणाली, "अजून लोळतेस होय," आणि आई रडली. मग ती भट्टीवर आली. आत डोकावून बघितलं, दाराच्या डाव्या बाजूला लावलेला चिखल नखाने खरवडून पाहिला, ठीक आहे असं मान हलवून सांगितलं. मग बाहेरून भिंतीला वळसा घालून गेली.

मी मागे गेले. ती भिंतीसमोर उभी होती. छातीइतक्या उंचीवर दगडांत भोकं होती. आम्ही ती बुजवली नव्हती. हातच धजला नव्हता कुणाचा. तिने एका भोकात बोट घातलं, आतवर. मग दुसऱ्यात.

"उंदीर फार झालेत वाटतं," ती म्हणाली.

"हो मावशी."

"चिखल आण."

मी घमेल्यात चिखल कालवून आणला, त्यात चिरलेला पेंढा घातला, तिनेच शिकवलेला. ती एकेक भोक भरत गेली. भरायची आणि अंगठ्याने खोल दाबायची. मी हात पुढे केला तर माझा हात बाजूला सारला.

"भिंत गळू देऊ नये गं," ती म्हणाली. "आत लोकांचे पाव असतात."

सगळं भरून झाल्यावर तिने हात धुतले आणि पाणी प्यायला मागितलं.

ती गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. दर ईस्टरला मी त्या भिंतीला चुना लावते. नातवंडं मदतीला येतात, चुन्याने एकमेकांना रंगवतात आणि विचारतात, आजी, या भिंतीवर कुणाचे अंगठे आहेत. चुन्याचे कितीही थर दिले तरी उमटून दिसतात ते. मी त्यांना म्हणते, भट्टीवालीचे. तिच्याकडे ठसा नव्हता.